टाटाजवळची खोली

परळ, लालबाग, नायगाव, डिलाईल रोड या पट्ट्यात ज्यांच्या नात्यातलं एखादं बिऱ्हाड होतं, त्या कोकणी घरांना हे वेगळं सांगायला नको. गावाकडे कुणाच्या गालात, गळ्यात, छातीत गाठ लागली आणि तालुक्याच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘टाटा’ लिहिलं, की पैशांचा विचार दुसरा यायचा. पहिला प्रश्न असायचा, मुंबईत उतरायचं कुणाकडे? कारण टाटाला गेलेला माणूस दोन दिवसांत परतत नाही, हे तोवर प्रत्येक वाडीत कुणी ना कुणी अनुभवलेलं होतं.

आमच्या घराचं उत्तर ठरलेलं होतं. नायगावच्या बीडीडी चाळीतली काकांची खोली. १९२०च्या दशकात सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं बांधलेल्या या चाळी. तळमजला आणि वर तीन मजले, मधून लांब अंधारा पॅसेज, त्याच्या दोन्ही अंगांना खोल्या, टोकाला सगळ्यांचे मिळून संडास. खोली १६० चौरस फुटांची. तिच्यात काका, काकू, त्यांची दोन मुलं, भिंतीला उभी केलेली खाट, मोरी, स्टोव्ह, आणि त्यातच काकूची खानावळ. गिरणीत काम करणाऱ्या एकट्या पुरुषांना दोन वेळचं जेवण घालणाऱ्या बायका त्या काळात चाळीचाळींत होत्या. १९८२च्या संपानं गिरण्या बसल्या, तसे काकूचे मेंबरही गावाला निघून गेले. काकांची नोकरी गेली ती कायमची. पुढे ते एका गोदामावर रखवालदारी करायचे. आई मुंबईला आली १९९० साली, तेव्हा काकूकडे मोजकेच मेंबर उरले होते आणि त्यांच्याच पैशांवर घराचा बराचसा भार होता.

त्या खोलीपासून टाटा रुग्णालय चालत गाठता यायचं. हे एवढंच भाग्य, पण ते मोठं होतं. ज्यांचं कुणीच नव्हतं त्यांच्यासाठी दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा होती, आणि तिथंही जागा मिळाली नाही तर रुग्णालयाबाहेरचा फुटपाथ. बिहार, बंगाल, ओरिसा, कुठून कुठून आलेली माणसं तिथं प्लास्टिक बांधून राहायची. नाकात नळी असलेला म्हातारा आणि त्याच्या उशाशी स्टोव्हवर भात शिजवणारी त्याची सून, हे दृश्य आमच्या रोजच्या रस्त्यावरचं होतं. आपल्याला छप्पर आहे याची जाणीव आम्हा भावंडांना त्या रस्त्यानं करून दिली.

टाटाची गोष्ट आम्हाला पुढे कळली. सर दोराबजींच्या पत्नी लेडी मेहरबाई १९३१ साली ल्युकेमियानं गेल्या, पुढच्या वर्षी दोराबजीही गेले, आणि त्यांच्या ट्रस्टनं २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला हे रुग्णालय सुरू केलं, ८० खाटांचं. १९५७ मध्ये ते केंद्राच्या आरोग्य खात्याकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेलं. ज्या रस्त्यावरून आम्ही डबा घेऊन जायचो त्याला गोमंतकीय सर्जन डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांचं नाव आहे. आमच्या काकांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना माहीत होतं ते हे की सकाळी किती वाजता रांगेत उभं राहिलं म्हणजे दुपारच्या आत नंबर लागतो, रक्ताचा रिपोर्ट कुठल्या खिडकीवर मिळतो, आणि कुठल्या बाकावर पंख्याचा वारा येतो. आजारी माणसाला या दुसऱ्या माहितीचा उपयोग जास्त होता.

त्या काळी रोगाचं नाव रोग्यापासून लपवायची रीत होती. डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगत आणि नातेवाईक फाईल वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणत. आमच्याही घरी तेच ठरलं होतं. पण आईनं ते चालू दिलं नाही. बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन काका बाहेर आले, तेव्हा पायऱ्यांवरच तिनं विचारलं, “भावोजी, खरां सांगा.” काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहून म्हणाले, “वैनी, कॅन्सर आसा. पण येळार गावलो हा, ऑपरेशन करूया म्हणतत.” आई थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “माझ्या आयेक सांगू नकात.” गावाकडच्या आजीला त्या वर्षभरात आईनं जी आंतरदेशीय पत्रं पाठवली, त्यांत हाताला झालेलं गळू, मुंबईचा उकाडा आणि धाकट्या जावेच्या हातचं जेवण एवढ्याच गोष्टी होत्या. आजीपासून लपवणं बरोबर होतं का, यावर आमच्यात अजून दोन मतं आहेत. आईला सांगितलं ते मात्र बरोबरच झालं असं माझं ठाम मत आहे. पुढचे सगळे महिने ती स्वतःच्या आजारात स्वतः हजर होती. डॉक्टरांना ती थेट विचारायची, गोळ्यांचे रंग लक्षात ठेवायची, नर्सनं चुकून ऑपरेशनच्या बाजूचा हात सुईसाठी धरला तर दुसरा पुढे करायची.

मार्चमध्ये ऑपरेशन झालं. तेव्हा छातीच्या गाठीसाठी बहुतेक बायकांचा पूर्ण स्तन आणि काखेतल्या गाठी काढत. आई घरी आली ती कुशीला नळी आणि नळीच्या टोकाला बाटली घेऊन. बाटलीत किती पाणी जमलं ते रोज लिहून ठेवायचं काम माझ्या चुलत बहिणीकडे होतं. ती त्या वर्षी दहावीला होती. आईला झोप लागावी म्हणून खोलीतला दिवा लवकर मालवला जायचा आणि ती पॅसेजमधल्या पिवळ्या दिव्याखाली पाट टाकून बीजगणित करत बसायची. तिला कुणी विचारलं नव्हतं आणि तिनंही कधी कुरकुर केली नाही. त्या पॅसेजमध्ये रात्री उशिरापर्यंत माणसांची ये-जा असायची, प्रत्येक जण तिच्या वहीला पाय लागू नये म्हणून कडेनं जायचा.

रक्त लागणार होतं, आणि घेतलं तेवढं रक्त नातेवाइकांनी भरून द्यायचं असा नियम होता. चाळीच्या गणपती मंडळाची मुलं सकाळीच आंघोळ करून निघाली. आमचं नातं त्यांच्यातल्या कुणाशी नव्हतं. एकाच मजल्यावरच्या नळाला पाणी भरणं हे नातं त्यांना पुरेसं होतं.

नळी निघाल्यावर हाताचा व्यायाम सुरू झाला. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि बोटांनी भिंत चढायची, रोज थोडी थोडी वर. काख शिवल्यासारखी आखडलेली असते, बोटं खांद्याच्या उंचीवर आली की डोळ्यांत पाणी येतं. काकूनं कालनिर्णयच्या बाजूला भिंतीवर पेन्सिलीनं रेघ मारली. दुसऱ्या दिवशी आईची बोटं जिथवर गेली तिथं दुसरी. खानावळीचा भात उतरवून पेज निवळायला ठेवली की काकू पदराला हात पुशीत भिंतीपाशी यायची आणि म्हणायची, “वैनी, कालच्या रेघेर तरी जावा.” रेघ ओलांडली की पुन्हा चुलीकडे. एप्रिलअखेर त्या रेघा कालनिर्णयच्या खिळ्यापर्यंत पोचल्या होत्या. फिजिओथेरपी विभागानं छापील कागद दिला होता, त्यावर चित्रंही होती. पण मला खात्री आहे की आईचा हात वर गेला तो काकू रोज तिथं येऊन उभी राहायची म्हणून.

मग शेक. पाच आठवडे, शनिवार-रविवार सोडून रोज. मशीनखाली दोन-चार मिनिटंच, पण त्यासाठी जाणं, बसणं, येणं मिळून अर्धा दिवस. छातीवर जांभळ्या शाईनं चौकट आखून दिली होती आणि ती शेक संपेपर्यंत पुसू द्यायची नव्हती, कारण किरण त्या खुणांवर धरायचे. मे महिना, मुंबईचा घाम, आणि आईला त्या बाजूला पाणी लावायची बंदी. आमची आई म्हणजे पहाटे विहिरीवरून आंघोळ करून आल्याशिवाय चुलीला हात न लावणारी बाई. तिला ही पारोशी अवस्था ऑपरेशनपेक्षा जास्त बोचली. काकू दार लावून घ्यायची, मुलग्यांना बाहेर पिटाळायची आणि कोमट पाण्यात पंचा पिळून तिची पाठ, मान, पाय पुसून काढायची. ती चौकट सोडून उरलेलं सगळं अंग. साबण नाही, पावडर नाही. ब्लाऊजची शिवण कातडीला घासू नये म्हणून काकांचे जुने मलमलचे सदरे आईला घातले गेले. दिराचा सदरा अंगावर घालायला आई आधी तयार नव्हती. काकूनं तो धुऊन, उलटा करून, पुढून कापून त्याला बंद लावले आणि म्हणाली, “आता हो सदरो नाय, झबला.”

तिसऱ्या आठवड्यापासून कातडी काळी पडायला लागली, शेवटी काखेत सोलवटली. त्या दिवसांत आई हात कमरेवर ठेवून बसायची, कारण काख मिटली की आग व्हायची. रात्री काकू आणि मी आळीपाळीनं वारा घालायचो.

केमोथेरपी पावसाबरोबर सुरू झाली. तेव्हा गाठीसाठी दिली जाणारी नेहमीची तीन औषधं होती, सायक्लोफॉस्फमाईड, मेथोट्रेक्सेट आणि फाइव्ह-एफयू. आधी रक्त तपासायचं, पांढऱ्या पेशी पुरेशा असतील तर इंजेक्शन, नाहीतर पुढची तारीख. ‘काउंट आले काय?’ हा प्रश्न त्या पावसाळ्यात सगळा मजला विचारायचा. आज उलटी थांबवणारी जी औषधं सुईआधीच देतात, त्यांतली ओंडान्सेट्रॉनसारखी प्रभावी औषधं तोवर आपल्याकडे पोचली नव्हती. सुई घेऊन घरी आलं की संध्याकाळपासून उलट्या. आणि बीडीडीच्या मधल्या पॅसेजमध्ये एका खोलीत काय शिजतं ते वीस खोल्यांना कळतं. पहिल्या वेळी समोरच्यांनी बांगडे तळले आणि आई तो वास आल्याबरोबर मोरीत कोसळली. काकू कुणाला काही बोलली नाही. पण पुढच्या सुईच्या दिवशी आमच्या टोकाच्या एकाही खोलीतून तळणीचा वास आला नाही. मासे बंद नव्हते, कोकणातली माणसं ती. त्या दिवशी सगळ्यांकडे मासे कालवणात गेले, तेही दुपारीच. हे कुणी ठरवलं, कुणी कुणाला सांगितलं, मला आजही माहीत नाही.

जेवण हा त्या महिन्यांचा सगळ्यात मोठा विषय होता. तोंडाला लोखंडाची चव, आतून फोड. काकू एकाच स्टोव्हवर मेंबरांची आमटी उतरवून आईचं वेगळं चढवायची. उकड्या तांदळाची पेज, मुगाचं कढण, नाचणीची आंबील. फोड आले की तिखट-आंबट बंद, फोड गेले की आमसुलाचं सार आणि मुरलेल्या लिंबाची फोड, कारण तेवढंच चवीला लागायचं. पाणी उकळून. कच्चं काही नाही. बाहेरून येणाऱ्यानं हात धुतल्याशिवाय आईजवळ जायचं नाही, हा नियम काकूनं मेंबरांनासुद्धा लावला, आणि गिरणीतून आलेले ते दणकट पुरुष मुकाट्यानं मोरीवर रांग लावायचे.

केस विरळ झाले. त्या औषधांनी पूर्ण टक्कल पडत नाही, पण आईच्या अंबाड्याची सुपारी झाली. फणी काकूनं स्वतःकडे घेतली. आईला पुढे बसवून ती मागून विंचरायची आणि गळलेले केस हातातल्या हातात गुंडाळून कमरेला खोचायची, म्हणजे आईच्या नजरेला पडत नसत. शिवाय तिनं आईसाठी एक गोष्ट शिवली होती, जी बाजारात तेव्हा आम्हाला परवडणारी नव्हती. मलमलची गोल पिशवी, आत पिंजलेला कापूस, आणि कापसाच्या मधोमध मूठभर मोहरी. नुसता कापूस हलका पडतो, ब्लाऊज एका बाजूला वर सरकतो, म्हणून मोहरीचं वजन. आईनं ती पुढे कितीतरी वर्षं वापरली. दर पावसाळ्यानंतर मोहरी बदलायची.

या सगळ्या काळात बाबा गावाला होते. गुरं, भात, आजी, धाकटा भाऊ हे सोडून त्यांना येता येत नव्हतं, आणि आईला मधल्या तारखांना गावी नेणंही जमणारं नव्हतं. कोकण रेल्वे पूर्ण धावायला १९९८ उजाडायचं होतं. तोवर रात्रभराची एसटी आणि कशेडी घाट. सुईनंतर त्या वळणांवरून प्रवास करायचा म्हणजे जीव नकोसा. म्हणून आई मार्च ते दिवाळी त्या खोलीतच राहिली. बाबा लावणी आटोपून एकदा आले, तांदूळ, कुळीथ, सुकी आमसुलं घेऊन. आईच्या पाटल्या पतपेढीत ठेवून आणलेले पैसे त्यांनी काकांच्या हातात दिले. काकांनी त्यातले औषधांपुरते घेतले. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागातल्या बाईंनी काही ट्रस्टना लिहिलेली पत्रं घेऊन काका रखवालदारीची रात्र संपवून थेट त्या कचेऱ्यांच्या दारात जाऊन बसायचे. त्यातूनही थोडं आलं.

डॉक्टरांनी आईला बजावलं होतं, गावी परतल्यावर त्या हातानं जड उचलायचं नाही, हात सुजतो आणि सुजला की पूर्ववत होत नाही. तेव्हा बाबांनी कळशी उचलली. विहिरीवर पुरुष पाणी भरताना पाहून वाडीतल्या बायकांनी पदर तोंडाला लावले. बाबा रोज दोन खेपा करायचे, आई वारेपर्यंत. ती गेली ती बऱ्याच वर्षांनी, हृदयविकारानं; नातवंडं खेळवून.

आमच्या पिढीच्या गप्पांत हा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, तेव्हा एकत्र कुटुंबं होती म्हणून निभावलं. मला हे वाक्य पुरेसं वाटत नाही. कुटुंब रात्री उठत नाही. कुटुंब उलटीचं भांडं धूत नाही. त्या खोलीत ते एका बाईनं केलं, जिची स्वतःची मिळकत त्या वर्षी घटली, कारण दोन मेंबर आजाराच्या भीतीनं दुसऱ्या खानावळीत गेले. कॅन्सर लागत नाही हे त्यांना काका समजावून थकले. काकूला रजा नव्हती, पगार नव्हता, आणि आमच्या घरातल्या कुठल्याही कार्यात तिचा या कामासाठी मान झाला नाही. मानपानाच्या साड्या वाटताना ती धाकटी जाऊ म्हणून शेवटून दुसरी असायची. काकांनी रांगा लावल्या, त्यांचं नाव आजही गावात आदरानं घेतात, आणि ते रास्तच आहे. पण त्याच श्वासात काकूचं नाव यायला हवं, म्हणून मी हे लिहिते आहे.

आता व्यवस्था पुष्कळ बदलली. गावाजवळ तपासण्या होतात, सरकारी योजनेतून ऑपरेशनं होतात, खारघरला टाटाचं दुसरं केंद्र उभं राहिलं आहे, उलटीच्या गोळ्या मिळतात, आणि बायकांना फक्त गाठ काढून स्तन वाचवण्याचाही पर्याय असतो. आम्ही भावंडं कळवा, विरार, पुणे, मस्कत अशी विखुरलो. नायगावच्या चाळींच्या पुनर्विकासाचं भूमिपूजन २०१७ साली झालं, आणि काकू आता लेकीकडे डोंबिवलीला असते. दहावीला पॅसेजमध्ये बसणारी तीच लेक. ती पुढे परिचारिका झाली.

मागच्या महिन्यात माझ्या मावसबहिणीच्या सासूबाईंना छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, शेक सुरू व्हायचा होता. बहीण घाबरली होती, मी तिला काकूचा नंबर दिला. काकूचं वय ऐंशीच्या पुढे, ऐकू कमी येतं, म्हणून लेकीनं फोन स्पीकरवर ठेवला होता. काकूनं आधी विचारलं, “खंयच्या बाजूक?” डाव्या बाजूला म्हटल्यावर म्हणाली, मग उजव्या कुशीवर झोपवा आणि डाव्या हाताखाली मऊ उशी द्या. सदरा मलमलचा, नवा नको, धुतलेला. तिथं तेल, पावडर काही चोपडू नका, डॉक्टर सांगतील तेच मलम. खायला थोडं थोडं, पण दर दोन तासांनी. मग तिला एकेक आठवायला लागलं. आईच्या आधी त्या खोलीत गळ्याचा कॅन्सर झालेले देवगडचे एक मास्तर राहून गेले होते, त्यांना गिळता येत नव्हतं, त्यांच्यासाठी भाताची पेज दोनदा गाळावी लागायची. आईच्या नंतर काकूच्या माहेरची एक मुलगी आली होती, रक्ताच्या कॅन्सरची, आठ-नऊ वर्षांची, तिला गोष्ट सांगितल्याशिवाय सुई घेऊ द्यायची नाही. मालवणहून एक नवरा-बायको आले होते, त्यांचं नाव तिला आठवेना. “तेंका फक्त दुपारी आडवा होऊक जागा होयी होती,” ती म्हणाली, आणि मग बहिणीला विचारलं, सासूबाईंना शेकाला घेऊन कोण जाणार, आणि त्या दिवशी घरी स्वयंपाकाला कोण आहे.